ढगावरचा अपोलो

अठराव्या शतकातल्या युरोपीय निसर्गचित्रांत डोंगर, पाणी, झाडं अगदी यथासांग रंगवलेली असतात आणि कुठल्यातरी कोपऱ्यात बोटभर उंचीचा एखादा देव सापडतो. चित्रात त्याला जागा थोडी, शीर्षकात मात्र नाव त्याचंच.

देव हवेत कशाला?

चित्रप्रकारांची उतरंड तेव्हा पक्की होती. आंद्रे फेलिबियाँने १६६७ साली पॅरिसच्या कला अकादमीसाठी ती लिहूनच काढली होती. पुराणकथा आणि इतिहास वर, व्यक्तिचित्रं त्याखाली, निसर्गचित्रं आणखी खाली. नुसती टेकडी रंगवणारा निव्वळ कारागीर. तिच्यावर व्हीनस उभी केली की तोच विद्वान! सतराव्या शतकात रोममध्ये चित्रकार क्लोद लोरँने ही वाट मळून ठेवली होती. इटलीची वारी करून परतणाऱ्या इंग्रज उमरावांना तसलीच चित्रं हवी असत. शाळेत रोमन कवी ओव्हिडचं लॅटिन घोकलेलं असल्याने कथाही ते चटकन ओळखत.

विल्सनची नायोबी

रिचर्ड विल्सन हा मूळचा वेल्सचा, व्यक्तिचित्रं करणारा. १७५०च्या सुमारास इटलीत गेला आणि निसर्गचित्रांकडे वळला. १७६० साली लंडनमध्ये कलावंतांनी स्वतःच प्रदर्शन भरवलं, त्यात त्याने ‘नायोबीच्या मुलांचा संहार’ हे जवळपास सहा फूट रुंद चित्र मांडलं. ग्रीक पुराणकथेतल्या नायोबीला चौदा मुलं. लेटो देवीला दोनच, म्हणून तिने देवीला हिणवलं. त्या दोघांनी, म्हणजे अपोलो आणि आर्टेमिसने, तिची सगळी मुलं बाणांनी मारली.

चित्रात वादळ घोंघावतंय, झाडं वाकलीत, कड्यांमधून पाणी कोसळतंय, आभाळात वीज कडाडलीय. खाली माणसं मरून पडताहेत आणि वर, एका छोट्याशा ढगावर, धनुष्य ताणलेला अपोलो. विल्यम वूलेटने १७६१ साली हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. त्याच्या छापील प्रती विकून प्रकाशक जॉन बॉयडेलचं उखळ पांढरं झालं.

रेनॉल्ड्सचा टोला

विल्सन वारल्यावर सहा वर्षांनी, १७८८ मध्ये, रॉयल अकादमीचे अध्यक्ष जोशुआ रेनॉल्ड्स यांनी व्याख्यानात या अपोलोचा समाचार घेतला. व्याख्यान खरं तर चित्रकार गेन्सबरोवर होतं. त्यांचं म्हणणं असं, की विल्सनचा निसर्ग रोजच्या पाहण्यातला, त्यात देव खपत नाहीत. आणि तो ढग अपोलोचा भार पेलेल असा वाटतच नाही. असला विषय पेलायला चित्रकार पूसाँसारखं मन हवं, दोन हजार वर्षं मागे जाऊन प्राचीन काळात मुरलेलं.

हे सांगणाऱ्या रेनॉल्ड्स यांनी १७६५ साली लेडी सारा बनबरीला ग्रीक देवतांपुढे आहुती देताना रंगवलं होतं, हे जाता जाता. पण ढगाबद्दलचं त्यांचं म्हणणं मला पटतं. ते वादळच इतकं जिवावर उठलेलं आहे की अपोलोला करायला काही उरतच नाही. पूसाँचा उपाय मात्र विल्सनला लागू पडला नसता. त्याची खरी ताकद हवेत, उजेडात होती.

देवांना सुट्टी

ती ताकद पाहायची तर १७६०च्या दशकात त्याने रंगवलेलं, वेल्समधल्या नँट्लच्या तळ्यावरून दिसणारं स्नोडन शिखर पाहावं. स्थिर पाणी, त्यामागे निळसर डोंगर आणि काठावर मासे धरणारी माणसं. हे चित्र त्याने एकाहून अधिक वेळा केलं. एक लिव्हरपूलला आहे, एक नॉटिंगहॅमला. पण देवांविना पोट भरणं अवघड होतं. उतारवयात हलाखीत सापडलेल्या विल्सनला १७७६ साली रॉयल अकादमीने आपल्या ग्रंथपालाची जागा दिली, वर्षाला ५० पौंडांवर.