जुनी गाडी, थोडे पैसे, हिंजवडीचा रस्ता

भूमकर चौक ते फेज ३ या वाटेवर खड्डे, गतिरोधक आणि उखडलेला रस्ता यांतून रोज जाणारी दहा-बारा वर्षांची गाडी खडखडू लागली, की मालक थेट शॉकअप बदलायला निघतो. जरा थांबा. खडखडाट बहुतेकदा लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मच्या झिजलेल्या रबरी बुशचा असतो, आणि हे भाग शॉकअपपेक्षा बरेच स्वस्त पडतात.

शॉकअपची तपासणी वेगळी. त्यावर तेल ओघळलेले दिसले किंवा खड्ड्यानंतर गाडी डोलतच राहिली, तर तो संपला. पुढचे दोन किंवा मागचे दोन, नेहमी जोडीनेच बदला. सगळे पैसे एकदम नसतील तर आधी एक जोडी, नंतर दुसरी. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळतात.

बुश बदलताना मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगा: आर्मचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे. गाडी उचललेली असताना आवळले, तर जमिनीवर येताच रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे मात्र पूर्ण टाळा. खड्ड्यात तळ आपटेल. स्ट्रटची (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र बसवलेल्या भागाची) दाबलेली स्प्रिंग घरी उघडू नका, ती जीवघेणी ठरू शकते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्याच.