कंपवात आणि आतड्यांतील जंतू



आजच्या भाषणासाठी मी कंपवात, म्हणजेच पार्किन्सन, हा विषय निवडला आहे. हात थरथरू लागला की आपण मेंदूचा विचार करतो; मी आपले लक्ष आतड्यांकडे वेधू इच्छितो.

इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीचे वर्णन केले, त्यातच बद्धकोष्ठाचा उल्लेख आहे. अनेक रुग्णांत ही तक्रार कंपाच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते. २००३ साली जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी तर्क मांडला, की काही रुग्णांत रोगाचा आरंभ आतड्यांत होऊन तो व्हेगस मज्जातंतूच्या वाटेने मेंदूपर्यंत चढत असावा. २०१६ साली कॅलिफोर्नियात, या रोगाची प्रवृत्ती असलेल्या उंदरांना कंपवाताच्या रुग्णांच्या आतड्यांतील जंतू दिले, तेव्हा त्यांची लक्षणे बळावली.

हे जंतू आपल्या राहणीप्रमाणे बदलतात. डाळी, कडधान्ये व भाज्या यांतील चोथा हे उपकारक जंतूंचे अन्न. त्यापासून ते आतड्यांचे अस्तर राखणारी आम्ले तयार करतात. कंपवाताच्या रुग्णांत असे जंतू कमी आढळतात. आग्नेय आशियातून अमेरिकेतील मिनेसोटात स्थायिक झालेल्यांच्या आतड्यांतील जंतूंचे वैविध्य घटले आणि पुढच्या पिढीत आणखी घटले, असे २०१८ साली दिसून आले. कोकण सोडून येथे आलेल्या आपणांस हे विचार करावयास लावणारे आहे. मोशावात शेती करणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की पॅराक्वाट या तणनाशकाशी संबंध आलेल्यांत हा रोग अधिक आढळला आहे.

तथापि दही किंवा जंतूंच्या गोळ्यांनी कंपवात बरा होतो, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. लेवोडोपा हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कधीही थांबवू नये. आतड्यांतील काही जंतू हे औषध मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच मोडून टाकतात; बद्धकोष्ठामुळेही त्याचा गुण येण्यास विलंब होतो. म्हणून पोटाची तक्रार डॉक्टरांच्या कानी घालणे अगत्याचे आहे.

प्रत्येक बद्धकोष्ठ म्हणजे कंपवात नव्हे. परंतु आपली वडीलधारी माणसे शौचाविषयी बोलण्यास संकोचतात, आणि त्या मौनात वर्षे निघून जातात. मुलासुनांनी, लेकीजावयांनी आपुलकीने विचारावे. ताटात भाकरी, उसळ व भाजी वाढावी आणि रोज त्यांच्यासोबत चालावयास जावे. एवढे आपल्या हाती आहे.