जपानच्या खेड्यातील परदेशी तरुण

जपानच्या नागानो प्रांतातील कावाकामी हे गाव समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरहून अधिक उंचीवर वसलेले आहे. मैदानी भागात उन्हाळ्याच्या उष्म्याने लेट्यूसची कोवळी पाने तग धरू शकत नाहीत, तेव्हा येथील थंड हवेत या भाजीचे भरघोस पीक येते. ती ताजी राहावी म्हणून काढणी उजाडण्यापूर्वीच, कपाळावर बांधलेल्या दिव्यांच्या प्रकाशात सुरू होते. वाफ्यात वाकून गड्डे कापणारे आणि पेट्या भरणारे हात पुष्कळदा परदेशी तरुणांचे असतात. हिरोशिमाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कालवे फोडण्याच्या कामावरही असेच तरुण दिसतात. वृद्धांच्या शुश्रूषागृहांतही त्यांची संख्या वाढत आहे.

गावे का रिकामी झाली

जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास १२ कोटी ८० लाखांवर पोहोचली आणि त्यानंतर ती घटू लागली. आज देशातील सुमारे २९ टक्के लोक ६५ वर्षांहून अधिक वयाचे आहेत. तरुण पिढी शहरांकडे गेल्याने खेड्यांत हे प्रमाण आणखी मोठे आहे. २०२३ च्या शासकीय पाहणीत देशभर सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. जमीन, यंत्रे आणि बाजारपेठ आहे. परंतु काम करणारी माणसे नाहीत, अशी ही स्थिती आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जपानमधील परदेशी कामगारांची संख्या २३ लाखांवर गेली होती.

येण्याचे तीन मार्ग

खेड्यात येणारे तरुण प्रामुख्याने तीन मार्गांनी येतात. पहिला मार्ग १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘जेट’ कार्यक्रमाचा. यात परदेशी पदवीधर शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून काम करतात. करार एका वर्षाचा असतो व तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढविता येतो. दुसरा मार्ग १९९३ पासूनच्या तंत्रप्रशिक्षणार्थी योजनेचा. विकसनशील देशांतील तरुणांना कौशल्य शिकविणे हा तिचा घोषित हेतू. प्रत्यक्षात मात्र शेती, मासळी-प्रक्रिया, बांधकाम यांसारख्या क्षेत्रांतील मनुष्यबळाची उणीव तिने भरून काढली. तिसरा मार्ग एप्रिल २०१९ पासूनच्या ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसाचा. त्यासाठी सामान्यतः भाषेची व कौशल्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. याच्या पहिल्या श्रेणीत एकूण पाच वर्षे राहता येते. परंतु कुटुंबाला सोबत नेता येत नाही.

शिक्षक आणि प्रशिक्षणार्थी एकाच गावात राहत असले तरी त्यांचे दिवस सारखे नसतात. शिक्षकाला गावातील मुले नावाने ओळखतात. प्रशिक्षणार्थीची ओळख मात्र बहुधा मालक, सहकारी आणि दुकानदार यांच्यापुरतीच राहते.

शेजारधर्माचे नियम

नवागताची खरी कसोटी कामावर नव्हे, तर केराच्या पिशवीपाशी लागते. जाळता येणारा, न जाळता येणारा आणि पुन्हा उपयोगात आणता येणारा असा कचरा वेगळा करून ठरलेल्या वारी, सकाळी ठरलेल्या वेळेपूर्वी, नेमून दिलेल्या जागी ठेवावा लागतो. तोकुशिमा प्रांतातील कामिकात्सु या छोट्या गावात तर कचऱ्याचे चाळीसहून अधिक प्रकार केले जातात. चुकीची पिशवी उचलली न जाता तेथेच राहते आणि ती कोणाची, हे शेजाऱ्यांना लगेच कळते. परदेशी माणसाविषयीचे पहिले मत अनेकदा येथेच बनते.

याखेरीज वस्तीतील सूचनांची फळी घरोघर फिरते. ती वाचून, नोंद करून पुढच्या घरी द्यायची असते. रस्त्याकडेचे गवत कापणे, नाले उपसणे, भूकंपाच्या वेळी करावयाच्या हालचालींचा सराव यांसाठी प्रत्येक घरातून एकाने यावे, अशी अपेक्षा असते. गावातील ध्वनिक्षेपकावरून सायंकाळी एखादी धून वाजते. आपत्तीच्या वेळी त्याच यंत्रणेवरून इशारा दिला जातो. तो समजला नाही, तर प्रश्न गैरसोयीचा राहत नाही; जिवाचा होतो.

दुकान आणि दवाखाना काही किलोमीटर दूर असतात. बसच्या फेऱ्या मोजक्याच असतात. मोटार नसलेल्याला सायकलीचा आधार असतो. हिवाळ्यात जुन्या लाकडी घरांत रॉकेलची शेगडी लागते, तर नीगाताच्या डोंगराळ भागात सकाळ दारापुढचे बर्फ उपसण्याने सुरू होते. शाकाहारी माणसाची अडचण निराळीच. वरवर भाजीच्या दिसणाऱ्या रस्स्यातही वाळविलेल्या माशाचा अर्क असतो.

वेतन आणि वजावट

प्रशिक्षणार्थींनाही जपानचा किमान वेतन कायदा लागू आहे. २०२५ च्या निर्णयानुसार सर्व प्रांतांत ताशी किमान वेतन एक हजार येनहून अधिक झाले. मात्र शेतीकामाला श्रममानक कायद्यातील कामाचे तास व सुट्ट्या यांविषयीची कलमे लागू नाहीत, ही बाब फार थोड्यांना ठाऊक असते. वेतनातून प्राप्तिकर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतनाची वर्गणी आणि बहुधा घरभाडेही वजा होते. आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर आकारला जाणारा स्थानिक निवासी कर साधारणतः दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो. त्यामुळे तेवढेच वेतन असूनही हाती येणारी रक्कम घटते. विम्यामुळे औषधोपचाराच्या खर्चाचा ३० टक्के भाग रुग्णाने द्यावयाचा असतो.

कर्जाचा फास

२०२२ मध्ये जपानी शासनाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक प्रशिक्षणार्थी कर्ज काढून आल्याचे आढळले. मध्यस्थांची फी हे त्याचे मोठे कारण होते. कर्ज फिटेपर्यंत परतता येत नाही आणि नियमांमुळे मालक बदलता येत नाही, अशा कोंडीत काही जण काम सोडून नाहीसे होतात. २०२३ मध्ये अशांची संख्या नऊ हजारांहून अधिक होती. कामाची जागा सोडताच त्यांचा राहण्याचा अधिकार धोक्यात येतो आणि कायद्याचे संरक्षणही दुरावते.

या दोषांची दखल घेऊन जपानच्या संसदेने जून २०२४ मध्ये ही योजना रद्द करणारा कायदा संमत केला. तिच्या जागी एप्रिल २०२७ पासून नवी रोजगार-प्रशिक्षण योजना आणण्याचे ठरले. काही काळ काम केल्यानंतर आणि भाषा व कौशल्याच्या अटी पूर्ण केल्यावर त्याच क्षेत्रात मालक बदलण्याची मुभा, हा तिचा महत्त्वाचा विशेष होय.

जाण्यापूर्वी

ऑगस्ट २०२५ मध्ये भारत व जपान यांनी मनुष्यबळ देवाणघेवाणीचा कृती आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत भारतातील ५० हजार कुशल व होतकरू व्यक्तींनी जपानमध्ये जावे, असे त्यात उद्दिष्ट आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील तरुणांसाठीही हा विषय दूरचा राहिलेला नाही. मराठी भाषकाला येथे एक सोय आहे. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि मराठीतील प्रत्ययांप्रमाणे संबंधदर्शक शब्द नामाच्या मागून येतात. वाक्याचा हा साचा त्याला परका वाटत नाही. कांजी लिपी मात्र चिकाटीनेच साध्य होते. शिवाय खेड्यातील वृद्ध बोलीत बोलतात. शुश्रूषागृहातील आजी आपले दुखणे सांगतात तो शब्द पाठ्यपुस्तकात सापडेलच असे नाही.

म्हणून जाणाऱ्याने करार स्वतःला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा. एकूण वेतनाऐवजी वजावटीनंतर हाती येणारी रक्कम विचारावी. मध्यस्थाला दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती ठेवावी. प्रशिक्षणार्थीचे पारपत्र ठेवून घेण्यास मालकाला कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात असावे.

रिकाम्या होत चाललेल्या गावांना या तरुणांची गरज आहे आणि तरुणांना कामाची. परंतु तेथील दिवस सुखाचे जाणे केवळ वेतनावर अवलंबून नाही. निघताना डोक्यावर कर्ज नसणे, अन्याय झाल्यास काम बदलता येणे आणि सायंकाळी ध्वनिक्षेपकावर काय सांगितले ते समजणे, या तीन गोष्टींवर ते अधिक अवलंबून आहे.