कॅराव्हॅन घरच्या सॉकेटला जोडताना : सर्ज प्रोटेक्टर घेण्याआधी अर्थिंग तपासा

कॅराव्हॅन, म्हणजेच चाकांवरच्या घरातून प्रवास, ही संकल्पना देशात हळूहळू रुजत आहे. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणे जाहीर केली. प्रवासाला निघण्यापूर्वी बॅटरी चार्ज करणे किंवा फ्रिज थंड करून ठेवणे यासाठी ही वाहने बहुधा घराबाहेरच्या सॉकेटला जोडली जातात. मात्र सॉकेटची जोडणी सदोष असेल, तर महागडा सर्ज प्रोटेक्टरही निरुपयोगी ठरतो.

धोका कशाचा?

कॅराव्हॅनचा सांगाडा धातूचा आणि टायर रबराचे असतात. त्यामुळे वाहन जमिनीपासून विलग राहते. आतील एखाद्या उपकरणातून वीज सांगाड्यात उतरली आणि अर्थिंग नसेल, तर संपूर्ण वाहन विद्युतभारित होते. आत बसलेल्यांना त्याची जाणीवही होत नाही. पण ओल्या जमिनीवर उभे राहून दाराच्या कडीला हात लावणाऱ्याला जीवघेणा धक्का बसू शकतो. पावसाळ्यात हा धोका वाढतो.

सॉकेटची तपासणी

भारतीय तीन पिनांच्या सॉकेटमध्ये समोरून पाहता वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे असते. मल्टीमीटरने मोजल्यास फेज व न्यूट्रल यांच्यात, तसेच फेज व अर्थिंग यांच्यात सुमारे २३० व्होल्ट आढळायला हवेत. न्यूट्रल व अर्थिंग यांच्यातील फरक जेमतेम काही व्होल्टचा असावा.

तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर फेज-न्यूट्रलची अदलाबदल किंवा तुटलेले अर्थिंग दाखवतो. परंतु काही ठिकाणी अर्थिंगची तार ओढण्याऐवजी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थिंग परस्परांना जोडून दिलेले असतात. ही चूक टेस्टरला कळत नाही. तो सर्व ठीक असल्याचेच दर्शवतो. अशा जोडणीत न्यूट्रलची तार तुटताच वाहनाचा सांगाडा थेट फेजच्या संपर्कात येतो. म्हणूनच अर्थिंगचा रोध परवानाधारक वायरमनकडून मोजून घेणे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे आवश्यक आहे.

भाराचा हिशेबही महत्त्वाचा आहे. ६ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे १,३८० वॅट, तर १६ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे ३,६८० वॅट एवढाच भार घेता येतो. एसी आणि इंडक्शन शेगडी एकाच वेळी चालवल्यास ही मर्यादा सहज गाठली जाते. एक्स्टेंशन केबल गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली केबल तापते.

सर्ज प्रोटेक्टरची निवड

सर्ज प्रोटेक्टर अत्यल्प काळ टिकणारी व्होल्टेजची उसळी अर्थिंग आणि न्यूट्रलकडे वळवतो. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल तुटल्यास एखाद्या घरात बराच वेळ ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. तो थोपवणे साध्या सर्ज प्रोटेक्टरच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यासाठी ठरावीक मर्यादेच्या वर किंवा खाली व्होल्टेज जाताच पुरवठा तोडणारे उपकरण लागते. दोन्ही सोयी एकत्र असलेले उपकरण अधिक उपयुक्त ठरते.

खरेदी करताना ते २३० व्होल्टसाठी आणि १६ अँपिअर भारासाठी आहे का, फेज, न्यूट्रल व अर्थिंग या तिन्ही जोड्यांमध्ये संरक्षण देते का आणि संरक्षण संपल्याचे दाखवणारा दिवा त्यावर आहे का, हे पाहावे. आतील घटक प्रत्येक उसळीगणिक झिजत असल्याने हा दिवा महत्त्वाचा ठरतो.

‘आरव्ही’साठी म्हणून ऑनलाइन विकली जाणारी अनेक उपकरणे अमेरिकेतील १२० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी बनवलेली असतात. ती भारतात वापरू नयेत. अमेरिकेतही ३० अँपिअरचे, १२० व्होल्टचे आरव्ही सॉकेट कपडे वाळवण्याच्या यंत्राचे समजून त्याला २४० व्होल्ट जोडण्याची चूक होते आणि वाहनातील उपकरणे जळतात.

थेट कोसळणाऱ्या विजेपासून कोणताही प्रोटेक्टर खात्रीशीर संरक्षण देत नाही. त्यामुळे गडगडाट सुरू होण्यापूर्वीच प्लग काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित उपाय होय.