नमुना एकाचा, खबर गावाची

२००९च्या मार्चअखेरीस अमेरिकेतल्या सॅन दिएगो परगण्यात दहा वर्षांच्या एका मुलाला ताप, खोकला आणि उलट्यांचा त्रास झाला. आठवडाभरात तो बराही झाला. पण ज्या दवाखान्यात त्याला नेलं होतं, तिथे फ्लू ओळखणाऱ्या एका नव्या यंत्राची चाचणी चालू होती, म्हणून त्याचा स्वॅब घेतला गेला. यंत्राने दिलेलं उत्तर चक्रावून टाकणारं होतं : हा फ्लूचा ‘ए’ विषाणू आहे खरा, पण माणसांत नेहमी फिरणाऱ्या उपप्रकारांपैकी एकही नाही. नमुना अटलांटाच्या सीडीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेकडे गेला आणि १५ एप्रिलला निदान झालं, की हा डुकरांच्या फ्लूशी नातं सांगणारा नवाच विषाणू आहे. दोनच दिवसांनी शेजारच्या इम्पीरियल परगण्यातल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या नमुन्यातही तोच सापडला. ही दोघं एकमेकांना कधी भेटली नव्हती आणि दोघांचाही डुकरांशी संबंध आलेला नव्हता. याचा अर्थ उघड होता. विषाणू माणसाकडून माणसाकडे पसरू लागला होता.

त्या मुलाला या तपासणीचा काडीचाही उपयोग झाला नाही. निकाल लागेपर्यंत त्याचं दुखणं संपलं होतं. उपयोग झाला तो बाकीच्या जगाला. श्वसनमार्गाच्या संसर्गांवर प्रयोगशाळेतून नजर ठेवण्याचं काम याच हिशोबाने चालतं. एरवी डॉक्टर तपासणी लिहून देतात ती समोरच्या रोग्यासाठी. इथे प्रश्न वेगळा असतो : या गावात, या आठवड्यात नेमकं काय फिरतंय?

नुसत्या लक्षणांवरून हे सांगता येत नाही. फ्लू, कोरोना, आरएसव्ही, अ‍ॅडिनो हे सगळेच विषाणू ताप, खोकला आणि अंगदुखीच्या वाटेने येतात. १९१८च्या जूनमध्ये मुंबईत गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि पुढच्या काही महिन्यांत फ्लूच्या त्या साथीने देशभरात एक कोटीहून जास्त माणसं नेली, असा अंदाज आहे. तेव्हा या दुखण्यामागे विषाणू आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूवर नजर ठेवणारं जाळं उभारलं १९५२ साली. योगायोग असा, की पुण्यातलं विषाणू संशोधन केंद्रही त्याच वर्षी सुरू झालं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, ती हीच. भारताकडून ती या जाळ्यात सामील आहे.

कामाची सुरुवात होते ठरवून दिलेल्या रुग्णालयांच्या ओपीडीत. ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला आणि दुखणं दहा दिवसांच्या आतलं, असा रुग्ण ‘फ्लूसदृश आजारा’त मोजला जातो. त्याच लक्षणांनी दाखल करावं लागलं, तर नोंद वेगळ्या, गंभीर गटात होते. नाकातून किंवा घशातून घेतलेली काडी द्रव भरलेल्या छोट्या कुपीत टाकतात आणि कुपी बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जाते. तिथे आरटी-पीसीआरवर विषाणूचं नाव काही तासांत कळतं.

पुढचं काम सावकाशीचं आहे. निवडक नमुन्यांतला विषाणू जिवंत वाढवायचा असतो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पेशींचा वंश १९५८ साली एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशींपासून आजवर चालत आलेला आहे. मग ९६ खळगे असलेल्या प्लास्टिकच्या ताटलीत विषाणू आणि टर्की किंवा गिनीपिगच्या तांबड्या पेशी एकत्र सोडतात. विषाणू नसेल तर पेशी तळाशी जाऊन शर्टाच्या बटणासारखा लाल ठिपका तयार होतो. विषाणू असेल तर तो पेशींना एकमेकींत गुंतवून धरतो. ठिपका न होता खळग्यात फिकट पडदा पसरतो. यात जुन्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं घातली आणि तरीही पडदाच दिसला, तर समजायचं की विषाणूने रूप पालटलंय, जुनी लस त्याला कमी पडू शकते.

अशा निकालांवरूनच फ्लूची लस ठरते. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसतात : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. लस तयार व्हायला काही महिने लागतात, म्हणून निर्णय हंगामाच्या बराच आधी घ्यावा लागतो.

पण आपला हंगाम कोणता? फ्लू म्हणजे थंडीतलं दुखणं, ही समजूत युरोप-अमेरिकेतली. २००९ ते २०१३ या काळात भारतातल्या दहा शहरांतून सातत्याने गोळा केलेल्या नमुन्यांनी वेगळंच चित्र दाखवलं. श्रीनगरमध्ये फ्लूचा जोर जानेवारी ते मार्चमध्ये, पण पुणे, नागपूर, कोलकात्यात तो पावसाळ्यात. चेन्नईत तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे तिथल्या पावसाबरोबर. तेव्हा पुण्या-नागपूरकरांनी लस घ्यायची ती एप्रिल-मेमध्ये, पाऊस सुरू होण्याआधी. दिवाळीनंतर घेतली तर हंगाम उलटून गेलेला असतो.

सॅन दिएगोत सापडलेल्या त्या नव्या विषाणूने, म्हणजे स्वाइन फ्लूने, त्याच २००९च्या ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधलेलं शहर देशाने टीव्हीवर पाहिलं. अशा वेळी तपासणीचा पूर येतो, पण घाबरून आलेल्या माणसांच्या नमुन्यांवरून साथीचं खरं माप निघत नाही. त्यासाठी एरवीच्या शांत आठवड्यांतली आकडेवारी हाताशी लागते. शंभर नमुन्यांत एरवी किती पॉझिटिव्ह निघतात हे माहीत असेल, तरच आजचा आकडा मोठा की नेहमीचा ते ठरवता येतं.

जे सापडत नाही, तेही या नोंदींतूनच कळतं. फ्लू ‘बी’ची यामागाता नावाची शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने आढळलेली नाही. कोविडच्या काळात माणसं घरात बसली आणि ती शाखा बहुधा नष्टच झाली. लशीत तिच्यासाठी जागा ठेवायची गरज उरलेली नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं.

या जाळ्याला भोकंही आहेत. औषधाच्या दुकानातून क्रोसिन घेऊन घरी झोपणारा माणूस त्यात कुठेच मोजला जात नाही, गल्लीतल्या खासगी दवाखान्यातला बहुतेक वेळा नाही. ही उणीव काही अंशी भरून काढायला कोविडनंतर सांडपाणी तपासलं जाऊ लागलं. पुण्यातही ते झालं. सांडपाण्यातला विषाणू आजारी माणूस दवाखान्यात येण्याची वाट पाहत नाही. मात्र तो लहान मुलांत पसरलाय की म्हाताऱ्यांत, आणि दुखणं किती गंभीर आहे, हे त्यातून कळत नाही. शिवाय जिथे भुयारी गटारच नाही, घरोघरी शोषखड्डे आहेत, तिथे नमुना घ्यायचा कुठून? त्या गावांची खबर अजूनही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या केसपेपरवर आणि आशाताईंच्या नोंदवहीवरच अवलंबून आहे.