हर्नियाचे ऑपरेशन झाले. कामावर कधी जाऊ?

कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात सळ्या आणि पत्र्यांची चढ-उतार करणाऱ्या माणसाला जांघेत फुगवटा दिसला, की त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘पुन्हा ओझे उचलता येईल ना?’ प्रश्न रास्त आहे. पूर्वी हर्निया पुन्हा उद्भवला नाही, की शस्त्रक्रिया यशस्वी मानली जाई. आता रुग्णाचे दुखणे, हालचाल आणि कामावर परतणे यांचाही विचार होतो.

पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर येते, तो हर्निया. पट्टा बांधून तो बरा होत नाही. जांघेतील हर्नियासाठी प्रामुख्याने तीन मार्ग आहेत.

जाळी बसवून उघडी शस्त्रक्रिया : ही तेवढाच भाग बधिर करूनही करता येते आणि खर्च तुलनेने कमी येतो.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : जाळी यातही असते, पण छेद लहान असतात. सुरुवातीचे दुखणे कमी असते आणि माणूस लवकर कामाला लागतो. मात्र बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते, खर्च वाढतो आणि सर्जनचा अनुभव महत्त्वाचा ठरतो. दोन्ही बाजूंच्या हर्नियात ही सोयीची.

जाळीविना शस्त्रक्रिया : पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी रुग्णाच्याच स्नायूआवरणाची पट्टी वापरण्याची पद्धत 2001 मध्ये मांडली. पोलंडमध्ये 208 रुग्णांवर झालेल्या तुलनेत तीन वर्षांनंतर तिचे परिणाम जाळीच्या शस्त्रक्रियेसारखेच आढळले.

जाळी महाग असली तरच चांगली, असेही नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले. अशाच स्वस्त जाळीची युगांडात महागड्या जाळीशी तुलना झाली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही.

खरी अडचण असते ती रेंगाळणाऱ्या दुखण्याची. साधारण दहातील एकाला तीन महिन्यांनंतरही थोडेफार दुखते. मोजक्यांच्या रोजच्या कामात त्यामुळे अडथळा येतो. शस्त्रक्रियेआधीच खूप दुखत असेल, तर हा धोका वाढतो. म्हणून ते सर्जनला आधीच सांगावे. दुखणे लांबले तर अंगावर काढू नये. त्यावर उपचार आहेत.

घरी आल्यावर त्याच दिवसापासून चालावे. हलकी कामे बहुतेकांना काही दिवसांत जमतात. अवजड ओझ्यासाठी किती आठवडे थांबायचे, हे आपले काम नेमके काय आहे ते सांगून सर्जनलाच विचारावे. तंबाखू-विडी सोडावी, जुना खोकला आणि बद्धकोष्ठता यांवर उपचार घ्यावेत.

फुगवटा अचानक घट्ट झाला, आत जाईनासा झाला, सोबत तीव्र वेदना किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.