बाथरूमची ओल भिंतीत मुरतेय? फरशी फोडण्याआधी दोन रात्री थांबा

अमरावती/अकोला : बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल दिसली, की आपल्याकडे दोनच उपाय होतात. बाहेरून गिलावा मारायचा, नाहीतर गवंडी बोलावून सगळी फरशी फोडायची. पहिला पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही आणि दुसऱ्यात पाच-दहा हजार कधी गेले ते कळत नाही. एवढं करूनही पुन्हा ओल येतेच अन् घरात विचारणा होते, "आता काहून गळून राह्यलं?" कारण पाणी नेमकं कुठून जातं हे कोणी पाहिलेलंच नसतं.

ते पाहायला पैसे लागत नाहीत. पहिल्या रात्री सगळे नळ बंद करा आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा. टाकी भरायचा नळही बंद हवा. सकाळी पातळी उतरली असेल, तर दोष पाइपात, तोटीत किंवा खुद्द टाकीत आहे. अशा वेळी फरशीला हात लावू नका, प्लंबर बोलवा.

पातळी जागेवर असेल तर दुसऱ्या रात्री प्लास्टिकच्या पिशवीत चिंध्या कोंबून नहाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करा. बाथरूममध्ये इंचभर पाणी भरा आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. सकाळी पाणी चांगलंच उतरलं असेल, तर ते फरशीच्या सांध्यांतून किंवा भिंतीच्या बुडातून जातंय. पाणी तसंच असेल, पण बोळा काढून ते सोडल्यावर भिंत ओली होत असेल, तर ट्रॅपची कड किंवा बाहेर जाणारा पाइप गळतो. फक्त शॉवर सुरू असतानाच ओल वाढत असेल, तर भिंतीच्या टाइल्सचे सांधे तपासा.

सांधे गळत असतील तर खर्च सगळ्यात कमी. जुन्या हॅक्सॉ ब्लेडने सांधा दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडायचा, ब्रशने झाडायचा आणि तीन-चार दिवस बाथरूम पूर्ण कोरडं ठेवायचं. तेवढे दिवस आंघोळ दुसरीकडे करा. ओल्या सांध्यात भरलेला माल धरत नाही. नंतर टाइल ग्राउट भरा. पांढरं सिमेंट स्वस्त पडतं, पण रोजच्या पाण्याने ते झिजतं. एपॉक्सी ग्राउट महाग आहे, म्हणून ते पाणी थेट पडतं तेवढ्याच भागात वापरलं तरी चालेल. भिंत आणि फरशी जिथं मिळतात त्या कोपऱ्यात मात्र सिमेंट नको, तिथं सिलिकॉनच भरा. घर थोडं हललं तरी ते ताणतं, सिमेंट तडकतं.

आणि वऱ्हाडात घर हलतंच. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे शेतात सगळ्यांनी पाहिलंय. तेच घराच्या पायाखालीही होतं. बाथरूमच्या कोपऱ्यात वर्षभर पाणी मुरलं, तर तेवढीच माती फुगलेली राहते, बाकीची आकसते आणि भिंतीला तिरपी भेग जाते. बाथरूमची गळती बिनमहत्त्वाची नाही ती याचसाठी. घरकुलाचे १ लाख २० हजार आणि शौचालयाचे १२ हजार यांत स्वतःची भर घालून उभं केलेलं घर पायापासून खराब होऊ शकतं. सांडपाण्याचा पाइप भिंतीलगत सोडून त्यावर केळी किंवा अळू लावला असेल, तर आधी पाइप दहा फूट तरी लांब न्या. शोषखड्डाही तेवढाच दूर हवा, कारण काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या भागांत आणखी एक त्रास असतो. खारं पाणी भिंतीत मुरून सुकलं की पांढरा लोणा येतो आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. लोणा पाण्याने धुऊ नका, विरघळून तो परत आत जातो. कोरड्या ब्रशने झाडा आणि भिंत सुकल्याशिवाय पुट्टी लावू नका. माल कालवायलाही बोअरचं खारं पाणी नको. वान किंवा शहानूर धरणाचं गोड पाणी नळाला येत असेल तर ते वापरा. खारं पाणी सळई गंजवतं.

ट्रॅपची कड गळत असेल तर भोवतीची वीतभरच जागा फोडून वॉटरप्रूफिंग लिक्विड घातलेल्या मालाने नीट भरून घ्या. कोबाच तडकला असेल तर काम मोठं आहे. भेगा खोलून भरायच्या, मग पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात द्यायचे, कोपऱ्यात फायबर जाळीची पट्टी बसवायची आणि कोटिंग भिंतीवर फूटभर चढवायचं. फरशीला ट्रॅपकडे पाच फुटांमागे इंचभर उतार हवा. दिवाळी ते होळी हा काळ यासाठी बरा. एप्रिल-मेच्या उन्हात सिमेंटचा माल झपाट्याने सुकून तडकतो. तेव्हाच करावं लागलं तर त्यावर ओलं गोणपाट टाका.

ओल्या भिंतीत गिझरचा किंवा दिव्याचा बोर्ड असेल आणि हाताला झिणझिण्या येत असतील, तर बाकी सगळं राहू द्या. मेन स्विच बंद करून आधी वायरमन बोलवा.

सामान स्वतः आणा, गवंड्याशी फक्त मजुरी ठरवा. कोटिंग सुकल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, ट्रॅप बंद करून पुन्हा रात्रभर पाणी भरा आणि सकाळी खूण गवंड्याच्या समोरच पाहा. शेवटचे पैसे त्यानंतर द्या.